तुम्ही विचारलंत म्हणून : बँका एक झाल्या, मग निवृत्तांच्या संघटना एक का होत नाहीत?

बँका जर एका तारखेला एक होऊ शकतात, तर त्या बँकांतून निवृत्त झालेल्यांच्या संघटनांना एक व्हायला इतकी वर्षे का लागावीत, हा प्रश्न मला वारंवार विचारला जातो. विचारणाऱ्यांत जुने सहकारी असतात, पेन्शन घेणाऱ्या आईवडिलांची मुले असतात आणि अलीकडे इतर बँकांच्या संघटनांचे पदाधिकारीही असतात. प्रश्नाच्या सुरात बहुधा थोडी टीका असते: म्हातारपणीही तुमची खुर्ची सुटत नाही, असे काहीसे. ती टीका अगदी निराधार आहे असे मी म्हणणार नाही, पण खुर्ची हे कारण मला यादीत बरेच खाली दिसते.

मुळात तुलनाच बरोबर नाही. ३० ऑगस्ट २०१९ रोजी सरकारने दहा सरकारी बँकांच्या चार बँका करण्याचे जाहीर केले, ४ मार्च २०२० रोजी विलीनीकरणाच्या योजना अधिसूचित झाल्या आणि १ एप्रिलला, देशभर टाळेबंदी असताना, त्या अमलात आल्या. ओरिएंटल बँक ऑफ कॉमर्स आणि युनायटेड बँक पंजाब नॅशनल बँकेत गेल्या, सिंडिकेट बँक कॅनरा बँकेत, आंध्रा बँक व कॉर्पोरेशन बँक युनियन बँकेत आणि अलाहाबाद बँक इंडियन बँकेत. त्याआधी २०१७ मध्ये स्टेट बँकेच्या पाच सहयोगी बँका आणि भारतीय महिला बँक, तर २०१९ मध्ये विजया व देना या बँका अशाच एकेका १ एप्रिलला दुसऱ्या बँकेत सामावल्या होत्या. बँक राष्ट्रीयीकरणाच्या १९७० आणि १९८० च्या कायद्यांतील कलम ९ सरकारला अशी योजना करण्याचा अधिकार देते. त्यासाठी कर्मचाऱ्यांचे मत घ्यावे लागत नाही, निवृत्तांचे तर नाहीच. संघटना मात्र सभासदांच्या मताने उभी असते आणि तिला एक होण्याचा आदेश देणारे कोणी नसते.

मी विलीन झालेल्या एका बँकेच्या निवृत्त कर्मचारी संघटनेच्या कार्यकारिणीवर होतो आणि नंतर तीन पूर्वाश्रमीच्या बँकांच्या संघटनांनी मिळून नेमलेल्या समन्वय समितीत काम केले. बँकेचे नाव येथे मुद्दाम लिहीत नाही. जे सांगतो आहे ते थोड्याफार फरकाने सर्वत्र घडलेले आहे, आणि त्यात इतर संघटनांच्या घरातल्या गोष्टीही आहेत.

एकत्र येणे आवश्यक आहे हे मला भावनेने नव्हे, तर आमच्या घटनेतील सभासदत्वाच्या कलमाने पटवले. 'या बँकेच्या सेवेतून निवृत्त झालेला कर्मचारी' सभासद होऊ शकेल, असे त्या कलमात लिहिले होते. ३१ मार्च २०२० रोजी निवृत्त झालेला माणूस त्यात बसत होता. त्याच्याच टेबलाशेजारी तीस-पस्तीस वर्षे काम करून महिनाभराने निवृत्त झालेला माणूस मात्र अक्षरशः पाहिले तर बसत नव्हता, कारण तो नव्या बँकेच्या सेवेतून निवृत्त झाला होता. कलम दुरुस्त करता येते आणि आम्ही ते केलेही, पण त्याने मूळ प्रश्न सुटत नाही. विलीन झालेल्या बँकेत आता भरती नाही. तिच्या वंशाचा शेवटचा कर्मचारी निवृत्त झाला की त्यानंतर सभासदांच्या यादीत फक्त नावे कमी होत जाणार. सामावून घेणाऱ्या बँकेच्या संघटनेला हा धोका नाही. तिच्याकडे दर महिन्याला नवे सभासद येतच राहतात. म्हणून वाटाघाटी करायच्या तर आपले संख्याबळ असताना कराव्यात, दहा वर्षांनी दारात उभे राहून प्रवेश मागू नये, हे माझे पहिल्यापासूनचे मत आहे. ते मांडल्याबद्दल आमच्यातल्याच काहींनी मला 'घाई झालेला' ठरवले, हे ओघाने आलेच.

आता कोणता प्रश्न कोठे सुटतो हे नीट पाहिले पाहिजे, कारण बहुतेक भांडणे ते न पाहिल्याने होतात. आमचे निवृत्तिवेतन १९९५ च्या पेन्शन विनियमांनुसार मिळते. पेन्शन अपडेशन, म्हणजे नव्या वेतनकराराप्रमाणे जुन्या पेन्शनची फेररचना, ही सर्वांत मोठी मागणी कोणत्याही एका बँकेच्या हाती नाही. ती भारतीय बँक संघ (बँक व्यवस्थापनांची देशव्यापी संघटना) आणि केंद्र सरकार यांच्या पातळीवरची आहे. २०२१ मध्ये फॅमिली पेन्शन, म्हणजे निधनानंतर कुटुंबाला मिळणारे निवृत्तिवेतन, कमाल मर्यादा काढून शेवटच्या पगाराच्या सरसकट ३० टक्के झाली, त्याआधी ती जास्तीत जास्त ९,२८४ रुपये होती. नोव्हेंबर २००२ पूर्वी निवृत्त झालेल्यांना ऑक्टोबर २०२३ पासून इतरांप्रमाणे पूर्ण महागाईभत्ता मिळू लागला. ८ मार्च २०२४ च्या बाराव्या द्विपक्षीय करारात, म्हणजे बँक संघ व कर्मचारी युनियन यांच्यातील वेतनकरारात, पेन्शनरांसाठी दरमहा सानुग्रह रक्कम आली. हे सगळे अखिल भारतीय पातळीवर घडले. तेथे निवृत्तांचे महासंघ आहेत, त्यांचे आपापले मार्ग आहेत आणि त्यांच्यात मतभेदही आहेत.

बँकेच्या पातळीवर जे उरते ते दिसायला किरकोळ, पण रोजच्या जगण्याचे असते. विलीनीकरणानंतर संगणकप्रणाली एक झाली तेव्हा जुने कर्मचारी क्रमांक बदलले आणि नोव्हेंबरमध्ये दिलेला हयातीचा दाखला नोंदलाच गेला नाही, म्हणून पेन्शन थांबलेल्या ऐंशी वर्षांच्या माणसाला महासंघाचा ठराव उपयोगी पडत नाही. त्याच्यासाठी पेन्शन विभागातल्या नेमक्या टेबलावर फोन करणारा कोणीतरी लागतो. २०१५ च्या वेतनकरारानंतर आलेल्या समूह आरोग्य विम्याचा हप्ता निवृत्ताने स्वतः भरायचा असतो आणि तो परवडेनासा झाला आहे. त्यात कर्मचारी कल्याण निधीतून काही वाटा द्यायचा की नाही, हे बँक ठरवते. हॉलिडे होम, वैद्यकीय तपासणीची मदत, मृत्यूनंतर कुटुंबाला तातडीची रक्कम या गोष्टी प्रत्येक पूर्वाश्रमीच्या बँकेत वेगळ्या होत्या आणि त्यांचे सुसूत्रीकरण करताना कोणाचे तरी काहीतरी कमी होणार होते. अशा वेळी एकाच विषयावर तीन संघटनांची तीन पत्रे जातात, तिन्हींत मागण्या वेगळ्या असतात आणि मनुष्यबळ विभागाला काहीच न करण्यासाठी उत्तम निमित्त मिळते. निवृत्तांच्या संघटनेशी चर्चा करण्याचे कायदेशीर बंधन बँकेवर नसते. आमचे वजन एवढेच, की आम्ही किती जणांच्या वतीने बोलतो.

येथे सामावून घेणाऱ्या बँकेच्या संघटनेची बाजूही सांगितली पाहिजे. कल्याण निधी तोच राहून वाटेकरी वाढले, तर आमच्या सभासदांच्या ताटात काय उरणार, असा त्यांचा सरळ प्रश्न होता आणि तो स्वार्थी म्हणून उडवून लावण्यासारखा नव्हता. त्यावर आमचे उत्तर असे होते की वाटेकरी तर बँकेने आधीच वाढवले आहेत. तुम्ही आम्हाला संघटनेत घेतले नाही म्हणून निधीतला आमचा हक्क संपत नाही, फक्त आपण एकमेकांविरुद्ध मागत राहतो. ते पटायला अनेक बैठका लागल्या.

खरी गाठ मात्र पैशाची होती. एका संघटनेकडे आजीव सभासदांच्या वर्गणीतून साठलेल्या मोठ्या मुदत ठेवी होत्या, दुसरीकडे दरवर्षीचे परिपत्रक छापून पोस्टाने पाठवण्यापुरतेही पैसे नव्हते. ज्यांनी निवृत्तीच्या दिवशी आजीव वर्गणी भरली, त्यांना आपले पैसे परक्यांच्या कामी जाणार हे सहन होत नव्हते. शेवटी आमच्यातील एका निवृत्त मुख्य रोखपालांनी तोडगा सुचवला: चूल एक करा, पण ज्या त्या सुनेचे स्त्रीधन तिचे तिलाच राहू द्या. म्हणजे एकत्रित संघटनेने नव्या वर्गणीवर सुरुवात करायची आणि जुन्या ठेवींचे व्याज त्या त्या बँकेच्या वृद्ध सभासदांच्या मदतीसाठीच राखून ठेवायचे. कागदावर हा अर्धवट उपाय दिसतो. पण विरोधाचा जोर त्यानेच ओसरला, महिनाभर चाललेल्या एकजुटीवरच्या भाषणांनी नव्हे.

दुसरी अडचण संलग्नतेची. कामावर असताना जो ज्या युनियनमध्ये होता, त्याची निष्ठा निवृत्तीनंतरही तिथेच असते. एका संघटनेत सगळे एकमेकांना कॉम्रेड म्हणतात, तर दुसरीत साहेब. अधिकारी आणि लिपिक यांच्यातले जुने हिशेबही पूर्ण मिटलेले नसतात. एकत्रित संघटना कोणत्या महासंघाशी जोडायची, हा प्रश्न पहिल्याच बैठकीत काढला असता तर दुसरी बैठक झालीच नसती. म्हणून आम्ही तो पुढे ढकलला आणि सभासदांना वैयक्तिकरीत्या कोणत्याही महासंघात राहण्याची मोकळीक ठेवली. अपडेशनची लढाई त्यांनी तेथे लढावी, हयातीच्या दाखल्याची आपण येथे. काहींच्या मते ही पळवाट आहे. मला ती कामाची योग्य विभागणी वाटते.

कायद्याची बाजू लोक अगदीच गृहीत धरतात. सोसायटी म्हणून नोंदलेल्या संघटनेला दुसरीत विलीन व्हायचे तर १८६० च्या सोसायटी नोंदणी कायद्याच्या कलम १२ प्रमाणे लेखी प्रस्ताव विशेष सभेच्या किमान दहा दिवस आधी प्रत्येक सभासदाला पोचवावा लागतो, तीन-पंचमांश सभासदांनी स्वतः किंवा प्रॉक्सीने दिलेली मते बाजूने पडावी लागतात, आणि महिन्याच्या अंतराने दुसरी विशेष सभा घेऊन उपस्थितांच्या तीन-पंचमांश मतांनी तो ठराव पक्का करावा लागतो. सभासदांचे सरासरी वय सत्तरीच्या पुढे, निम्मे मुलांकडे परगावी किंवा परदेशी, अनेकांचे पत्ते जुने. महाराष्ट्रात ती संस्था सार्वजनिक न्यास म्हणूनही नोंदलेली असेल, तर धर्मादाय आयुक्तांकडे जावे लागते. त्यातच तीनपैकी एक संघटना ट्रेड युनियन म्हणून नोंदलेली निघाली. तिचा कायदा वेगळा, मतदानाचे नियम वेगळे. शिवाय प्रत्येक संघटनेचे न्यायालयात काही ना काही दावे चालू होते. दावेदार संघटनाच विसर्जित केली, तर तिच्या जागी कोण उभे राहणार, हा वकिलांच्या शुल्काचा नवा विषय झाला असता.

म्हणून आम्ही विलीनीकरण केलेच नाही. निदान अजून तरी नाही. आधी समन्वय समिती, मग नवी नोंदणी करून एक संघटना, तिच्यात तिन्हींकडील सभासदांना व्यक्तिशः प्रवेश, आणि जुन्या संघटना दावे निकाली निघेपर्यंत व ठेवी सांभाळण्यापुरत्या जिवंत. नव्या घटनेत एक गोष्ट मात्र आम्ही आग्रहाने घातली: फॅमिली पेन्शन घेणाऱ्यांना, म्हणजे बहुतांशी सभासदांच्या विधवांना, मताचा पूर्ण अधिकार. जुन्या तिन्ही घटनांत त्या सहयोगी सभासद होत्या, म्हणजे वर्गणी द्यायची आणि मागे बसायचे. संख्येने त्या दरवर्षी वाढतात, कागदपत्रांचा सर्वाधिक त्रास त्यांनाच होतो, आणि पतीची युनियन कोणती होती याच्याशी त्यांना काही देणेघेणे नसते. एकत्र येण्याला त्यांच्याइतका निःसंदिग्ध पाठिंबा दुसऱ्या कोणत्याच गटाने दिला नाही.

ज्यांनी आपल्या बँकेत हे काम सुरू करायचे म्हणून विचारले आहे, त्यांना एवढेच सांगतो की नाव, अध्यक्षपद आणि संलग्नता बाजूला ठेवून आधी सभासदांची एक सामाईक यादी करावी: जुना आणि नवा कर्मचारी क्रमांक, पेन्शन ज्या शाखेतून मिळते ती शाखा, जोडीदाराचे नाव, चालू असलेला दूरध्वनी. आम्हाला ती करताना अशी कितीतरी कुटुंबे सापडली, ज्यांची फॅमिली पेन्शन सुरूच झाली नव्हती, आणि तीन संघटनांच्या कार्यकर्त्यांनी पहिले एकत्रित काम केले ते या कुटुंबांचे अर्ज भरण्याचे. ठरावाचा मसुदा त्यानंतर लिहिला गेला.