बरं केलंस

मंगळवार, रात्रीचे साडेअकरा

"हल्ली लिहीत नाहीस ना? बरं केलंस."

सकाळी बडोद्याच्या खंडेराव मार्केटात आत्या भेटली. पिशवीतून हिरव्या लसणाची पात बाहेर डोकावतेय, दुसऱ्या हातात ओली हळद, आणि पापडीवाल्याशी गुजरातीत घासाघीस करता करता मान वळवून एवढंच म्हणाली. लगेच स्वतःच्या गुडघ्यांच्या विषयावर गेली. मी हो हो म्हणत राहिले, अर्धा किलो पापडी घ्यायची ती पाव किलोच घेतली आणि घरी आले. तेव्हापासून दातात पेरूची बी अडकावी तसं ते 'बरं केलंस' जिभेला लागतंय.

बरं कुणाचं? मी सुटले म्हणून, की ज्यांना मी लेख पाठवते ते सगळे सुटले म्हणून?

आत्या टोचून बोलणाऱ्यातली नाही. रात्रीची जागतेस, डोळे जातील, असंच काहीतरी तिच्या मनात असेल. असेल. पण शेवटचा लेख जाऊन साडेतीन महिने झाले आणि "पुढचा कधी?" असं एका माणसानं विचारलेलं नाही. धाकटीनंसुद्धा नाही, जिला मी सगळ्यांच्या आधी पाठवते. गणपतीत एका आठवड्यात तीन लेख सोडले होते तेव्हा मात्र "किती गं लिहितेस!" म्हणून सगळे बोलले. त्यात कौतुक किती आणि वैताग किती, हे आज सकाळपर्यंत माझ्या डोक्यात आलं नव्हतं. बाबा असते तर त्यांनी निदान शुद्धलेखनाच्या चुका तरी... असो.

दुपारी रागारागातच मुलाची अर्धी कोरी आलेखवही काढली आणि रकाने पाडले. विषय, खर्डा, फोटो, तपासलं, गेला. मंगळवारी विषय नक्की, गुरुवारपर्यंत खर्डा, शनिवारी मोठ्यानं वाचून काटछाट, रविवारी सकाळी आठला रवाना. वर्षाचे ५२ रविवार. मग लाल पेनानं सणवार घातले. उत्तरायणाला १४ आणि १५ जानेवारी, दोन्ही दिवस सगळं बडोदं गच्चीवर, मान वर. त्या आठवड्यात काही पाठवणं म्हणजे शुद्ध वेडेपणा. नवरात्रात रात्र गरब्यात आणि दिवस झोपेत. परीक्षा, लग्नसराई, मे महिन्यात अर्धे लोक पुण्या-मुंबईकडे, दिवाळी. लाल शाई पलीकडच्या पानावर उमटली तरी ४० रविवार उरलेच. आणि माझ्याकडे काय आहे? अर्धवट पडलेले ११ खर्डे.

खरं म्हणजे मला बेगमी हवी आहे. कधीही चालतील, सणाला किंवा बातमीला बांधलेले नाहीत, असे चार-पाच लेख डब्यात भरलेले. मग एखादा आठवडा पाहुण्यांत गेला तरी फिकीर नाही. आई उन्हाळ्यात कुरडया घालून डबे भरून ठेवायची. पावसाळ्यात दारात माणूस उभा राहिला की झाकण काढायचं, बस. माझं म्हणजे पाहुणा पाटावर बसला की गहू भिजत घालायला धावायचं. आणि कुरडईचा गहू तीन दिवस भिजतो.

त्या ११ मधला सगळ्यात जुना खर्डा मांडवीच्या सेंट्रल लायब्ररीवरचा. दोन वर्षं तसाच पडलाय. सयाजीरावांनी १९१० मध्ये विल्यम बॉर्डन नावाचा ग्रंथपाल अमेरिकेहून आणला, पुस्तकांच्या लाकडी पेट्या गावोगाव फुकट जायला लागल्या, इथपर्यंत लिहून झालंय. शेवट सापडत नाही म्हणून अडलंय. आज डब्यात घालण्याजोगं काही निघतं का म्हणून तीच पानं चाळत होते, तर समासात माझ्याच अक्षरात एक टिपण. बडोद्याच्या लायब्ररीवाल्यांचं नियतकालिक, १९१२ पासून, इंग्रजी, गुजराती, मराठी. त्रैमासिक.

त्रैमासिक! पदरी संस्थान, संस्थानाची तिजोरी, सातासमुद्रापलीकडच्या माणसानं घालून दिलेली घडी, तीन भाषा, आणि अंक वर्षाला चार. पुढे काही वर्षांनी तेही बंद पडलं. आणि इथे मी, जिच्या शेगडीचा एक बर्नर दिवाळीपासून पेटत नाही, ती ५२ चे रकाने पाडून बसलेय. एकटीच हसले. मांजर उठून गेली.

मग ४० वर काट मारली. महिन्याला एक, दुसरा रविवार. ऑक्टोबरला सुट्टी. म्हणजे ११ लेख, आणि खर्डे ११. हिशेब इतका चोख जमला की मलाच संशय आला, म्हणून पुन्हा मोजले. ११ च आहेत. त्यातले दोन टाकाऊ आहेत हे मला माहीत आहे, पण ते आज मोजायचं नाही.

त्या पेट्यांचं मात्र डोक्यातून जात नाहीये. पेटी एखाद्या गावात जायची, काही दिवस राहायची, परत यायची. "पुढची कधी?" म्हणून तिथे कुणी विचारत असेल का? की पेटी वेळेवर आली नाही तर एखादी आत्या म्हणत असेल, बरं झालं, कोनाडा मोकळा झाला?

उद्या आत्याला फोन करून सरळ विचारावं, तुला नेमकं काय म्हणायचं होतं. नको. ती म्हणेल, "मी? मी कधी म्हटलं असं?" आणि खरंच तिला आठवत नसेल. तेच जास्त लागेल.

झोपायला जाताना ह्यांनी वहीत डोकावून पाहिलं. लाल खुणा, चौकोन, तारखा.

"दुधाचा हिशेब का?"

"तसंच समजा."

पापडी सोलायची राहिलीच आहे. आणि पाव किलोत सहा माणसांचा उंधियू कसला होणार, उद्या पुन्हा मार्केटात जाणं आलं.