सतरंजीच्या दशा

आमच्या घरात साडेसातला सतरंजी अंथरली जाते. निळ्या-तांबड्या पट्ट्यांची, जाड सुताची, सासूबाईंच्या लग्नातली. एका कोपऱ्याला डासांच्या अगरबत्तीनं पाडलेलं भोक आहे आणि दाराकडच्या बाजूच्या दशा पार गेलेल्या आहेत. ती बाजू माझ्या धाकट्याची. कौटुंबिक प्रार्थनेत डोळे मिटून बसायचं, पण हात मोकळे असतात ना. एकेक दोरा ओढत त्यानं पहिली ते दहावी त्या दशांचा फडशा पाडला. मी कधी रागावले नाही, कारण त्या वर्षांत माझी स्वतःची दशाही काही वेगळी नव्हती.

2003 साली मी नगर जिल्ह्यातल्या एका खेड्यातल्या शाळेत शिक्षिका म्हणून लागले. शाळा कायम विनाअनुदानित, म्हणजे सरकारी अनुदान कधीच न मिळणारी. पगार म्हणाल तर संस्थेला जमेल तसा, आणि संस्थेला सहसा जमत नसे. 2009 साली शासनानं ‘कायम’ हा शब्द काढला, तेव्हा शाळेत आम्ही पेढे वाटले. एक शब्द गळाल्याबद्दल पेढे! नुसतं ‘विनाअनुदानित’ होण्यात एवढं काय, असं नवरा म्हणाला, आणि दुर्दैवानं त्याचंच बरोबर निघालं. पुढे अनुदानासाठी मूल्यांकन, याद्या, त्रुटी, आझाद मैदानातली आंदोलनं. लग्नाला जा, नाहीतर मातीला, ओळखीचे लोक विचारायचे, “झालं का तुमचं काम?”

चर्चमध्ये हाच प्रश्न जरा सजवून येई. “देवाची वेळ निराळी असते हो, बाई.” असेल. पण वाण्याची वेळ एक तारखेची असते, हे सांगणाऱ्याला कसं कळणार? विश्वास ठेवा म्हणणाऱ्यांचा मला राग यायचा, आणि राग येतो म्हणून आणखी अपराधी वाटायचं. मधली दोनेक वर्षं तर मी सतरंजीवर डोळे मिटून चक्क उधारीची बेरीज करत असे. आमेन ऐकू आलं की डोळे उघडायचे.

तरी बसत होते. याचं श्रेय माझ्या श्रद्धेला नाही, सासूबाईंच्या घड्याळाला. वीज गेली तर चिमणी लावून, पाहुणे आले तर पाहुण्यांसकट, साडेसात म्हणजे साडेसात. आधी रेव्हरंड ना. वा. टिळकांचा एखादा अभंग, टाळ एकच, तोही मोठ्या मुलीच्या हातात. मग बायबलमधलं एक स्तोत्र. मग त्यांची प्रार्थना. तिच्यात आजारी, विधवा, परगावी गेलेली पोरं, पाऊस, गाभण शेळी असं सगळं क्रमानं येई, आणि शेळीनंतर मी: “पोरीच्या शाळेचं काम होऊ दे, बापा.” शेळी तेवढ्या काळात किती वेळा व्याली, याचा हिशेब ठेवलेला नाही.

एकदा न राहवून विचारलं, “आई, एवढी वर्षं तेच मागताय. देवाला ऐकू येतं का हो?”

“त्याला येतंय,” त्या म्हणाल्या. “मलाच न्हाई येत. मोठ्यानं वाच जरा.”

त्यांचे कान खरंच गेले होते. त्यामुळे स्तोत्र वाचायचं काम माझ्याकडे आलं, आणि मोठ्यानं वाचायचं म्हटल्यावर बेरीज करता येईना.

स्तोत्रं आमच्याकडे निवडून वाचत नाहीत, ओळीनं वाचतात. एकूण दीडशे, रोज एक. फक्त 119वं सोडून, कारण त्याची वचनं 176 आणि मुलांच्या पोटात भूक. ते आठ-आठ वचनांचं करून बावीस दिवस पुरवायचं. म्हणजे सगळी आवर्तनं एकशे एकाहत्तर दिवसांची, वर्षाला दोन. हे गणित मुलीनं मांडलं होतं, 119व्याला किती दिवस उरले ते बघण्यासाठी. या ओळीनं वाचण्याचा मला आधी कंटाळा होता. मन उदास असेल त्या दिवशी नेमकं टाळ्या वाजवायला सांगणारं स्तोत्र यायचं. पण कधी उलटही व्हायचं. 13व्या स्तोत्रात पहिल्या दोन वचनांतच दावीद राजा चारदा ‘कोठवर’ विचारतो. आणि 88वं तर शेवटपर्यंत उजाडतच नाही, अंधारावरच संपतं. पहिल्यांदा मोठ्यानं वाचताना मी पान उलटून पाहिलं होतं, पुढं काही राहिलंय का म्हणून. काही नव्हतं. सासूबाई म्हणाल्या, “झालं?” मी म्हटलं, “झालं.” “मग आमेन म्हण.”

त्या रात्री बरं वाटलं. काय बरं वाटलं ते नीटसं सांगता येणार नाही. माझी कुरकुर अशी आधीच पुस्तकात छापलेली, तिलाही क्रमांक आहे, तिची पाळी वर्षातून दोनदा येते आणि तीही सतरंजीवर बसून देवापुढेच वाचायची असते, एवढं कळलं.

दर आवर्तन सुरू होतं ते पहिल्या स्तोत्रातल्या पाण्याकाठच्या झाडापासून. ते झाड ‘आपल्या हंगामी फळ देते’. शिक्षकांच्या भाषेत हंगामी म्हणजे कायम नसलेला. त्यामुळे हे वचन आलं की नवरा हळूच माझ्याकडे बघायचा आणि मला प्रार्थनेत हसू आवरावं लागायचं.

कामासाठी पुण्याच्या एका कचेरीत खेपा घालाव्या लागत. पॅसेंजर स्वस्त, म्हणून तिनं. दौंडला गाडीचं इंजिन एका टोकाचं काढून दुसऱ्या टोकाला लावत, तोवर बसून राहायचं. गाडी उलट्या दिशेनं निघाली की नवखा प्रवासी हमखास घाबरायचा, परत चाललो की काय म्हणून. कचेरीत साहेब रजेवर असायचे. एकदा एक कारकून म्हणाला, “तुमचं लक्षात आहे, मॅडम,” आणि मला बायबलमधला योसेफ आठवला. तुरुंगातून सुटलेला प्यालेबरदार फारोपुढे, म्हणजे मिसरच्या राजापुढे, तुरुंगातल्या योसेफाचं नाव काढणार होता. बाहेर पडला नि साफ विसरला. पुढचा अध्याय पुरी दोन वर्षं लोटल्यावर सुरू होतो. त्या दोन वर्षांत योसेफ काय करत होता याबद्दल एक ओळ नाही. मला तेवढीच ओळ वाचायची होती.

त्याच वाटेवर दौंडच्या पुढे केडगाव लागतं. पंडिता रमाबाईंचं मुक्ती मिशन तिथलं. खेड्यातल्या बाईला कळेल अशा मराठीत बायबल असावं म्हणून रमाबाई हिब्रू नि ग्रीक शिकल्या, आणि सुमारे अठरा वर्षं भाषांतर करत राहिल्या. छापखाना तिथलाच, खिळे जुळवायला आश्रमातल्याच मुली-बायका. 1921 साली त्यांची एकुलती एक लेक मनोरमा गेली. 5 एप्रिल 1922 ला त्या स्वतः गेल्या. संपूर्ण बायबल छापून झालं 1924 साली. गाडी केडगावला मिनिटभर थांबे तेव्हा मी खिडकीतून उगाच बघत राहायची. लेक गेल्याच्या दुसऱ्या दिवशी मुद्रितं तपासायला बसल्या असतील का बाई? मला त्यांच्या मोठेपणापेक्षा त्यांचं वेळापत्रक जाणून घ्यायचं होतं.

2016 मध्ये वीस टक्के अनुदान जाहीर झालं. आमच्यासारख्या शाळांपर्यंत ते पोचायला आणखी वेळ गेला; तो सांगण्यात अर्थ नाही, तोपर्यंत आम्ही सरावलो होतो. अखेर एका दुपारी मोबाईलवर बँकेचा मेसेज आला. पूर्ण पगाराचा पाचवा हिस्सा. आकडा दोनदा वाचला. नवऱ्यानं येताना अर्धा किलो जिलेबी आणली.

साडेसातला सतरंजी अंथरली. धाकटा आता मिसरूड फुटलेला, पण जागा तीच. दशा संपल्या होत्या, म्हणून तो काठाच्या सुताला लागला होता. अभंग झाला. स्तोत्र कितवं होतं ते आठवत नाही, काहीतरी मधलंच. सासूबाईंनी प्रार्थना सुरू केली. आजारी झाले, विधवा झाल्या, पाऊस झाला, शेळी झाली. आणि सवयीनं आवाज तसाच पुढे गेला: “पोरीच्या शाळेचं काम होऊ दे, बापा.”

मुलगी फिसकन हसली. “आजी, झालं की काम! आज जिलेबी नाही का खाल्ली?”

सासूबाई डोळे मिटूनच थांबल्या. ऐकू आलं की नाही कळेना. मग त्यांनी हात जरा वर केला.

“किती झालं म्हनली ती?”

“वीस टक्के,” मी त्यांच्या कानाशी ओरडले.

“हां,” त्या म्हणाल्या, आणि डोळे न उघडता पुढे सुरू झाल्या. “तर बापा, राहिलेलं ऐंशी.”