कॅम बदलला आणि स्प्रिंगा दमल्या

गेल्या हिवाळ्यात मिशिगनमधल्या आमच्या गॅरेजात मी 2002 सालच्या शेव्हरोले कॅमॅरो गाडीचे डावे व्हॉल्व्ह कव्हर उघडले, तेव्हा सातव्या सिलिंडरच्या एक्झॉस्ट व्हॉल्व्हपाशी नखाएवढा तारेचा तुकडा तेलात पडलेला दिसला. व्हॉल्व्ह बंद करणाऱ्या दुहेरी स्प्रिंगमधली आतली स्प्रिंग तुटली होती. बाहेरची शाबूत राहिली म्हणून व्हॉल्व्ह सिलिंडरमध्ये गळून पडला नाही, एवढेच नशीब. त्याआधी काही महिने 6,200 आरपीएमच्या (मिनिटाला फेऱ्यांच्या) पुढे इंजिन अडखळत होते आणि मी मात्र इग्निशनचा दोष समजून स्पार्क प्लग बदलत बसलो होतो.

हे एलएस1 जातीचे 5.7 लिटरचे व्ही8 इंजिन आहे. ब्लॉकमध्ये एकच कॅमशाफ्ट, म्हणजे लोब (उंचवटे) असलेला दांडा, लोबवर टेकलेले लिफ्टर, त्यांच्यावरचे पुशरॉड आणि लोबची उंची 1.7 पट करून व्हॉल्व्हला ढकलणारे रॉकर, अशी त्याची साधी रचना. मूळ कॅमची लिफ्ट, म्हणजे व्हॉल्व्ह उघडण्याची उंची, साधारण 12 मिलिमीटर होती. मी बसवलेल्या कॅमची 15.2, आणि त्याबरोबर आरपीएमची मर्यादाही 6,600 वर नेलेली. कॅमशाफ्ट क्रँकच्या निम्म्या वेगाने फिरतो, म्हणजे त्या मर्यादेला प्रत्येक स्प्रिंग सेकंदाला 55 वेळा आणि दर वेळी पूर्वीपेक्षा सुमारे तीन मिलिमीटर जास्त दाबली जात होती. तारेतला ताण जितक्या मोठ्या पल्ल्यात वरखाली होतो, तितकी ती लवकर थकते, हे मला ठाऊक होते, म्हणून कॅमबरोबर नव्या स्प्रिंगाही घातल्या होत्या. चूक दुसरीकडेच होती.

कॅम निवडताना आपण लिफ्ट पाहतो आणि ड्युरेशन, म्हणजे व्हॉल्व्ह क्रँकच्या किती अंशांपर्यंत उघडा राहतो ते, लिफ्टर 0.050 इंच उचलल्यापासून मोजलेले पाहतो. माझ्या कॅमचे ते 228 अंश होते. पण तेच 228 अंश आणि तीच लिफ्ट असलेले दोन कॅम स्प्रिंगच्या दृष्टीने अगदी वेगळ्या स्वभावाचे असू शकतात. एकाचे जाहीर ड्युरेशन, म्हणजे व्हॉल्व्ह जेमतेम हलू लागतो तिथपासून मोजलेले, 285 अंश असेल आणि दुसऱ्याचे 275, तर दुसरा कॅम व्हॉल्व्हला सीटवरून (बंद असताना तो टेकतो त्या कड्यावरून) झटक्यात उचलतो आणि तितक्याच घाईने परत आपटतो. माझा कॅम या दुसऱ्या जातीचा होता. ताकद त्यातून मिळते, यात वाद नाही, पण तिची किंमत स्प्रिंग मोजते.

उघडताना व्हॉल्व्हला कॅम ढकलतो. लोबच्या नाकावर मात्र व्हॉल्व्हचा वेग मोडून त्याला मागे फिरवण्याचे काम एकट्या स्प्रिंगचे असते, आणि त्यासाठी लागणारे बळ वेगाच्या वर्गाने वाढते. 6,000 वरून 6,600 वर गेल्यास ते 21 टक्क्यांनी जास्त लागते. स्प्रिंग कमी पडली, तर लिफ्टर लोबपासून सुटतो आणि व्हॉल्व्ह सीटवर आपटून उसळतो. माझे इंजिन अडखळत होते ते यामुळेच. शिवाय उभ्या चढाच्या लोबचा झटका स्प्रिंगच्या स्वतःच्या कंपनांशी जुळला, की तिची मधली वेटोळी लाटेसारखी वरखाली नाचू लागतात, तारेवर हिशेबाबाहेरचा ताण येतो आणि आतली-बाहेरची स्प्रिंग एकमेकींवर घासून तापतात. तापलेली स्प्रिंग दाब गमावते, दाब गेला की उसळी वाढते, आणि उसळीने ती आणखी तापते. तुटलेल्या तुकड्यावर घासून चकचकीत झालेला एक पट्टा होता, आणि तडा नेमका त्या पट्ट्याच्या कडेपासून सुरू झालेला भिंगातून स्पष्ट दिसत होता.

मग जाड तारेची, जास्त दाबाची स्प्रिंग का घालू नये? घालता येते, पण तिचे स्वतःचे वजनही वाढते, आणि लिफ्टर, पुशरॉड व लोब यांवरचा भार रिकाम्या चालीतसुद्धा चढाच राहतो. व्हॉल्व्ह पूर्ण उघडल्यावर वेटोळी एकमेकांना टेकण्याआधी मी भरपूर मोकळीक ठेवली होती आणि तेच सुरक्षित समजत होतो. वस्तुतः दीड मिलिमीटरच्या आसपास मोकळीक ठेवल्यास वेटोळ्यांना नाचायला जागाच कमी उरते.

सोळाही स्प्रिंगा हेड न उतरवता काढल्या. पिस्टन थोडा खाली असताना प्लगच्या भोकातून सुती दोर आत कोंबला आणि मग पिस्टन वर आणला, की व्हॉल्व्ह खाली घसरत नाही. नव्या असताना सीटच्या उंचीला (व्हॉल्व्ह बंद असताना असते त्या लांबीला) 145 पौंड दाब भरलेल्या या स्प्रिंगा 18,000 मैलांनंतर 112 ते 131 पौंडांवर आल्या होत्या, आणि सर्वांत खालचे आकडे एक्झॉस्टचे होते. सोलापूरच्या मातीतला असल्याने (तिथे प्रिसिजन कॅमशाफ्ट्स कंपनीच्या कारखान्यात ओतलेले कॅमशाफ्ट जगभरच्या गाड्यांत जातात) कॅम म्हणजे आपल्या घरची विद्या, अशी माझी उगीचच समजूत होती. ती त्या दुपारी उतरली.

नवा कॅम तितक्याच लिफ्टचा, पण 285 अंशांचा घेतला. स्प्रिंगा नव्या घातल्या, रिटेनर (स्प्रिंगला व्हॉल्व्हवर धरून ठेवणाऱ्या टोप्या) हलके बसवले, शिम (पातळ चकत्या) घालून उंची नेमकी केली आणि मर्यादा 6,400 वर आणली. वरच्या टोकाला गाडी किंचित मंद झाली आहे, हे मान्य. चार हजार मैलांनंतर परवा दोन एक्झॉस्ट स्प्रिंगा काढून मोजल्या, तर एक 141 आणि दुसरी 142 पौंड भरली.