पारो: सीलचे पिल्लू आणि वृद्धांची सोबत

वृद्धनिवासांतील सोबती यंत्रमानवांचा विषय निघाला की मला प्रथम जपानी ‘पारो’ आठवतो. जपानी संशोधक ताकानोरी शिबाता यांनी १९९३ पासून विकसित केलेले, सील या समुद्री प्राण्याचे हे पांढरे, केसाळ यांत्रिक पिल्लू कुरवाळले की प्रतिसाद देते, हाक ऐकली की मान वळवते आणि बाळाच्या चोखणीच्या आकाराचा चार्जर तोंडात धरून चार्ज होते. सीलच निवडण्यामागचा विचार मला मार्मिक वाटतो, कारण यांत्रिक मांजर दिले तर घरात वावरलेल्या खऱ्या मांजराशी माणूस त्याची नकळत तुलना करतो आणि यंत्राचा खोटेपणा त्याला चटकन जाणवतो. सीलचे पिल्लू मात्र फारच थोड्यांनी जवळून पाहिलेले असते.

ऑस्ट्रेलियातील संशोधक वेंडी मॉयल व त्यांच्या सहकाऱ्यांनी क्वीन्सलँडमधील २८ संस्थांत राहणाऱ्या, स्मृतिभ्रंश झालेल्या ४१५ वृद्धांचा अभ्यास २०१७ मध्ये प्रसिद्ध केला. एका गटाला चालू पारो, दुसऱ्याला तोच पारो पण बंद ठेवलेला, तर तिसऱ्याला केवळ नेहमीची देखभाल अशी त्याची रचना होती. नेहमीच्या देखभालीच्या तुलनेत चालू पारोमुळे मनःस्थिती सुधारली आणि अस्वस्थता घटली. तथापि बंद पारोवर (म्हणजे अखेर एका महागड्या कापडी खेळण्यावर) त्याची सरशी झाली ती एवढ्यापुरतीच, की वृद्ध त्याच्याशी अधिक बोलले आणि त्याच्याकडे अधिक पाहत राहिले.

माझ्या मते हा लाभ लहान असला तरी खरा आहे. मात्र त्याच्या भरवशावर कर्मचारी कमी करण्यास माझा ठाम विरोध आहे. पारो मांडीवर ठेवायला, नको असेल तेव्हा उचलायला आणि वापरानंतर पुसून स्वच्छ करायला माणूस लागतोच.