१.८२ की १.७८

रबाळे एमआयडीसीतल्या आमच्या कारखान्यात स्टेनलेस स्टीलच्या गोल बारमधून फिटिंग्ज कातल्या जातात. मी तिथे निर्यातीची कागदपत्रं सांभाळते. बार शुल्क न भरता आयात करायचा आणि त्यातून बनवलेला माल ठरल्या मुदतीत परदेशी पाठवायचा, ही ॲडव्हान्स ऑथोरायझेशनची सोय. जुनी माणसं अजून ॲडव्हान्स लायसन्सच म्हणतात. पण बार हवा तेवढा आणता येत नाही. एक किलो तयार मालाला किती किलो बार लागतो, तो नॉर्म ठरतो आणि तीच हद्द. बऱ्याच वस्तूंचे नॉर्म आधीच ठरलेले आहेत, त्यांना एसआयओएन म्हणतात. आमच्या फिटिंगला लागू पडेल असा एकही मिळाला नाही. तेव्हा आपणच आकडा द्यायचा, चार्टर्ड इंजिनिअरचा दाखला जोडायचा, आणि दिल्लीची नॉर्म्स कमिटी काय ठरवते याची वाट बघायची. कमिटीनं आकडा खाली आणला तर जास्तीच्या मालावरचं शुल्क व्याजासकट भरावं लागतं.

मी ड्रॉइंग आणि बारची बिलं समोर ठेवून १.८२ हा आकडा काढला होता. तीन मीटरचा, ५० मिलिमीटर व्यासाचा बार ४७.१ किलो भरतो. त्यातून ८० मिलिमीटरचे ३६ तुकडे निघतात, प्रत्येकाची फिटिंग ७२० ग्रॅमची. भागाकार सरळ होता. दाखल्यावर सही तेवढी घ्यायची, असं मी धरून चालले होते.

इंजिनिअर सर ठाण्याहून ट्रान्स-हार्बर लोकलनं आले. वय सत्तरीच्या आसपास, पिशवीत स्वतःचा व्हर्निअर, म्हणजे बारीक मापं घ्यायची पट्टी. फाइल उघडलीच नाही. "मशीन चालू आहे ना? मग खाली जाऊ या."

लेथवर त्यांनी दहा तुकडे कातायला लावले. आधी वजन केलं: १२.५७ किलो. फिटिंग्ज झाल्या ७.२० किलोच्या. मग लेथखालचा कीस एका ट्रेमध्ये गोळा करून काट्यावर ठेवला, तर तो ५.९ किलो! म्हणजे दहा तुकड्यांत अर्धा किलो पोलाद वाढलं होतं. मी काट्याकडे बघतच राहिले. सरांनी किसाची एक लांब गुंडाळी चिमट्यानं उचलली, हलवली, आणि तिच्यातून पांढरं कूलंट, म्हणजे कातताना गारव्यासाठी सोडतात ते पाणी, टपटपलं. "याचं वजन कमिटीला कशाला दाखवायचं?" कीस जाळीवर निथळला, वर हवा मारली. पुन्हा वजन केलं: ५.३४. उरलेले तीसेक ग्रॅम लेथच्या बेडवर आणि फटींत अडकलेले. ते त्यांनी तसेच लिहून घेतले.

इथवर माझा आकडा टिकला होता. मग ते बँडसॉपाशी, म्हणजे बारचे तुकडे करणाऱ्या करवतीपाशी, गेले. कापताना पात्यात दीड मिलिमीटर जातो, तो मी धरलेला होता. सरांची नजर मात्र शेजारच्या निळ्या ड्रमवर गेली. त्यात बोटभर लांबीचे बारचे शेवटचे तुकडे होते.

"हे भंगारात जातात?"

"नाही हो सर," बँडसॉवरचे काका म्हणाले. "एकातून दोन टोप्या होतात. त्या इथल्याच गिऱ्हाइकांना जातात."

प्रत्येक बारमागे ६६ मिलिमीटरचा असा तुकडा उरतो, किलोभराचा. मी तो वाया गेला असं धरलं होतं. गणित बरोबर होतं, पण सहा वर्षांत मी त्या ड्रममध्ये कधी डोकावलेच नव्हते. याची मला खरोखर लाज वाटली. तो तुकडा वगळला की नॉर्म १.७८ होतो.

मालकांना हे पटेना. "सर, वीस टनांच्या निर्यातीवर हे आठशे किलो होतात."

"म्हणूनच सांगतोय. हे आठशे किलो तुमच्या निर्यातीच्या मालात गेले नाहीत, वायाही गेले नाहीत. शुल्कमाफीच्या बारची टोपी निर्यातीचं बंधन पुरं व्हायच्या आत इथल्या बाजारात विकलीत, तर उत्तर काय द्याल?"

मालक बराच वेळ गप्प होते. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "१.७८ टाका. टोप्यांना लागेल तेवढं स्टील शुल्क भरूनच घेऊ."

त्या संध्याकाळी अर्ज मी पुन्हा पहिल्या ओळीपासून भरला. शुल्कमाफी ही सरकारकडून घेतलेली उसनवारी आहे असं मला वाटतं, आणि उसनं घेताना माप चोख हवं.

न्हावा शेव्याहून पहिली खेप कारखान्यात आली तेव्हा मी परिशिष्ट ४एचची नोंदवही उघडून बसले होते. शुल्कमाफीच्या मालाचा वापर आणि त्यातून निघालेलं उत्पादन त्यात लिहायचं असतं. तेवढ्यात बँडसॉवरून फोन आला.

"मॅडम, हे बार तीन मीटर चार सेंटिमीटरचे आलेत. सदतीस तुकडे बसतायत. आणि जो उरतो त्यातून टोपी होत नाही, अडीच सेंटिमीटरसुद्धा नाही तो."

"काका, ड्रममध्ये टाकू नका. मी खाली येते."