दारात विहीर, पाणी टँकरचं

"आमच्या दारात विहीर आहे गं, पण आई त्या पाण्याने भांडीपण घासू देत नाही." लेक्चरनंतर पुण्याजवळच्या फुरसुंगीची मैत्रीण सहज बोलून गेली आणि माझा चहा तसाच राहिला.

लेक्चर होतं अमेरिकेतल्या वॉरेन काउंटीवर. १९८२ साली तिथे गरीब काळ्या लोकांच्या वस्तीजवळ विषारी माती पुरायला आणली तर माणसं ट्रकसमोर आडवी झाली, ५०० च्या वर अटक झाले. मी भराभर नोट्स काढत होते आणि ही शेजारी गप्प.

पुण्याचा कचरा वर्षानुवर्षं उरुळी-फुरसुंगीच्या डेपोवर गेला, त्याचं काळं पाणी जमिनीत मुरलं, विहिरी नासल्या. टँकरचा हॉर्न वाजला की तिची आई हातातलं काम टाकून ड्रम घेऊन पळते.

तुमच्या सोसायटीतून कचऱ्याची गाडी निघते ती पुढे कुठे जाते, कधी विचारलंय?