आमची वाटचाल: बेअरिंगच्या भरणीपासून जुन्या ब्रिटिश मोटारींपर्यंत

आमचं वर्कशॉप कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात आहे. सुरुवात ऑइल इंजिनांच्या बेअरिंगमध्ये व्हाइट मेटल, म्हणजे कथलाचं मऊ मिश्रण, भरण्यापासून झाली. इंजिनांना तयार शेल बेअरिंग आली तसं ते काम आटलं आणि जुन्या ब्रिटिश मोटारी दारात येऊ लागल्या. १९२०-३० च्या मॉरिसला किंवा ऑस्टिनला दुकानात बेअरिंग मिळत नाही, ते भरूनच घ्यावं लागतं. भरणीमागून आट्यांचं काम आलं, आट्यांमागून लाकडी बॉडीचं आणि शेवटी रंगाचं. हा क्रम आम्ही ठरवलेला नाही. त्या गाड्या ज्या रीतीनं बांधल्या गेल्या तिनं तो ठरवला. म्हणून इथे आमच्यापेक्षा त्या कारखान्यांविषयीच जास्त लिहिलं आहे.

इंग्लंडात मोटारींचे पहिले कारखाने बहुतेक दुसऱ्याच्या जागेत निघाले. डेमलर कंपनीनं १८९६ साली कॉव्हेंट्रीत एक सूतगिरणी घेतली आणि तिला मोटर मिल्स नाव दिलं. हर्बर्ट ऑस्टिननं १९०५ मध्ये बर्मिंगहॅमजवळ लाँगब्रिजला रिकामा पडलेला छापखाना घेतला. विल्यम मॉरिसचा ऑक्सफर्डजवळच्या काउलीचा कारखाना जुन्या लष्करी शाळेच्या इमारतीत उभा राहिला. कॉव्हेंट्रीत आधी शिवणयंत्रं बनत, मग सायकली. रोव्हर, हंबर, सिंगर, स्विफ्ट, रायली ही मंडळी सायकलीवरूनच मोटारीकडे आली. त्यामुळे त्यांच्याकडे लेथ होते, ब्रेझिंगच्या भट्ट्या होत्या, हात बसलेले फिटर होते. एकसारखा माल हजारांनी काढणारी यंत्रं मात्र नव्हती.

अशा कारखान्यात चासी लाकडी घोड्यांवर एका जागी राही आणि फिटरांची टोळी तिच्याभोवती काम करी. मशीनशॉपमधून येणारा भाग मापाला किंचित जास्त ठेवलेला असे. फिटर तो कानशीनं आणि स्क्रेपरनं घासून शेजारच्या भागाशी जुळवी आणि जुळला की दोन्हींवर एकच आकडा ठोकी. फ्रेडरिक लँचेस्टरसारखा एखादाच सुरुवातीपासून गेज लावून भाग अदलाबदलीजोगे करी. बाकीच्यांना १९०८ मध्ये धक्का बसला. ब्रुकलँड्स या इंग्लंडातल्या शर्यतीच्या ट्रॅकवर अमेरिकेच्या तीन कॅडिलॅक पूर्ण खोलल्या, ७२१ भाग एकत्र मिसळले, त्यांतले ८९ काढून एजंटाच्या साठ्यातले घातले, पुन्हा तीन गाड्या जोडल्या आणि ५०० मैल पळवल्या. त्या वर्षीची ड्यूअर ट्रॉफी कॅडिलॅकला मिळाली.

फिटरनं ठोकलेला तो आकडा आजही आमच्या कामात पहिला पाहायचा. कनेक्टिंग रॉडच्या बाजूवर १ ते ४ आणि तोच आकडा त्याच्या कॅपवर. कॅप रॉडला बोल्टनं आवळून दोन्ही एकत्र बोअर केलेले असतात, म्हणून दोन नंबरची कॅप तीन नंबरच्या रॉडला बसल्यासारखी दिसली तरी भोक गोल राहत नाही. दुसरा प्रकार याहून वाईट. बेअरिंग झिजून इंजिन ठोकायला लागलं की कुणीतरी कॅपच्या टेकत्या बाजू कानशीनं घासलेल्या असतात. तेवढ्यापुरता ठोका जातो, पण भोक अंडाकृती होतं. खरी रीत कॅप आणि रॉडच्या मधली पितळी शिम कमी करण्याची. घासलेली कॅप आली की दोन्ही तोंडं सपाट करून, कॅप आवळून, आधी रॉडचं भोक गोल करून घ्यावं लागतं. भरणी त्यानंतर.

भरणीविषयी सविस्तर लिहितो, कारण आमचं घर त्यावर चालतं. मिश्रणात कथील ८७ ते ८९ टक्के, अँटिमनी सात-आठ टक्के, तांबं साडेतीन-चार टक्के. जुना धातू वितळवून काढायचा आणि बाजूला ठेवायचा. तो नव्यात मिसळायचा नाही, कारण मधल्या कुणीतरी स्वस्तातलं शिशाचं मेटल भरलेलं असू शकतं. कथील आणि शिसं एकत्र आले की त्यांचा काही भाग १८३ अंश सेल्सियसलाच वितळतो आणि भार पडला की बेअरिंग चुरतं. रॉड स्वच्छ करून, तेलाचा अंश काढून, झिंक क्लोराइडचा फ्लक्स लावून त्यावर कल्हईसारखा कथलाचा हात द्यायचा. पोलादावर हा हात सहज बसतो. बिडाच्या कॅपवर बसत नाही, कारण बिडातलं ग्रॅफाइट कथलाला धरू देत नाही. तिथे घाई केली तर महिनाभरात भरणी सुटते.

शाफ्टच्या जागी ठेवलेला मधला गाभा काजळी धरून तापवून घ्यायचा, रॉडही तापवायचा, आणि पळीची धार न तोडता एका दमात ओतायचं. उष्णता पाहायला पाइनची काडी बुडवतात. ती करपून तपकिरी झाली की ठीक, पेटली तर धातू जास्त तापला आहे. थंड करताना रॉडची बाजू आधी थंड झाली पाहिजे, म्हणजे आकसणारा धातू रॉडकडे ओढला जातो. उलट झालं तर तो गाभ्याकडे ओढला जाऊन रॉडपासून सुटतो. तपासणी दोन प्रकारे. ठोकून पाहिलं तर आवाज खणखणीत हवा, बद्द नको. आणि रॉकेलमध्ये भिजवून, पुसून, जोडावर खडूची पूड लावायची. कुठे फट असेल तर रॉकेल बाहेर झिरपून खडूवर ओली रेघ उमटते. मग बोअरिंग, मग ब्लू (कुठे टेकतं ते दाखवणारा निळा रंग) लावून स्क्रेपिंग. शाफ्टच्या दर इंच व्यासाला एक थाउ, म्हणजे इंचाचा हजारावा भाग, इतकी मोकळीक. दीड इंची शाफ्टला दीड थाउ.

ऑस्टिन सेव्हन इथे वेगळी वागते. १९२२ ची ही गाडी लवकरच ७४७ सीसीची झाली. तिची क्रँक बॉल आणि रोलर बेअरिंगवर फिरते, व्हाइट मेटल फक्त बिग एंडना, म्हणजे रॉडच्या क्रँककडच्या टोकांना. तेल दाबानं पोचत नाही. क्रँककेसमधल्या बारीक जेटमधून धार उडते आणि फिरत्या क्रँकनं ती झेलायची असते. जेटमध्ये कचरा अडकला की तेलाचा दाब तसाच दिसतो आणि बिग एंड वितळतो. भरणी आमची असो वा दुसऱ्याची, आम्ही आधी क्रँककेसचे प्लग काढून जेटमधून तार फिरवतो.

ब्लॉकचं ओतकाम उद्यमनगरात कुणाला समजावून सांगायला नको. इंग्लंडात सुरुवातीला चार सिलिंडर एकत्र ओतणं अवघड पडे, म्हणून दोन-दोनच्या जोड्या ओतून क्रँककेसवर बसवीत. एकसंध ब्लॉक आले तरी ते लगेच मशीनवर घेत नसत. रफ कटानंतर महिनोन्महिने उघड्यावर पावसात ठेवीत, म्हणजे ओतकामात अडकलेला ताण सुटे. अंगणातला गंजलेला ढीग म्हणजे कारखान्याचं भांडवल होतं. मागणी वाढली तशी ही मुदत कुरतडली गेली. आमच्या दृष्टीनं मोठा धोका कोअर, म्हणजे ओतताना आतली पोकळी राखणारा वाळूचा गाभा, सरकण्याचा. वॉटर जॅकेटचा कोअर एका बाजूला सरकला असेल तर बोअरची भिंत तिकडे पातळ असते. रीबोअरला घेण्याआधी चारही बाजूंची जाडी पाहिल्याशिवाय कटर लावायचा नाही.

बोअर इतका बारीक आणि स्ट्रोक इतका लांब का, असं मालक विचारतात. उत्तर करात आहे. जानेवारी १९२१ पासून इंग्लंडात दर अश्वशक्तीला वर्षाला एक पौंड कर बसला. ही अश्वशक्ती कागदी होती. इंचातल्या बोअरचा वर्ग करायचा, सिलिंडरच्या संख्येनं गुणायचा, अडीचनं भागायचं. स्ट्रोक हिशेबातच नाही. मॉरिस काउली या गाडीचा बोअर ६९.५ मिमी, स्ट्रोक १०२. कर ११.९ अश्वशक्तीचा, इंजिन १५४८ सीसीचं. ऑस्टिन सेव्हन ७.८ मध्ये बसली. बोअर लहान ठेवून स्ट्रोक वाढवला की पिस्टनचा वेग वाढतो, सिलिंडर लवकर झिजतो, आणि ते काम नव्वद वर्षांनी आमच्या बाकावर येतं.

मॉरिसची रीत ऑस्टिनपेक्षा निराळी. त्यानं सुरुवातीला जवळजवळ काहीच स्वतः बनवलं नाही. १९१३ च्या मॉरिस ऑक्सफर्डचं इंजिन कॉव्हेंट्रीच्या व्हाइट अँड पॉपचं होतं, आस बर्मिंगहॅमच्या रिगलीकडचे, बॉडी ऑक्सफर्डच्या रॅवर्थची. काउलीत फक्त जोडणी. भांडवल पुरवठादाराचं अडकतं, मॉरिसचं नाही. फेब्रुवारी १९२१ मध्ये मागणी बसली तेव्हा त्यानं चार सीटच्या काउलीची किंमत ५२५ पौंडांवरून ४२५ वर आणली. १९२१ साली सुमारे ३ हजार गाड्या निघाल्या, १९२५ साली ५० हजारांच्या वर. लहान धंद्यानं हा हिशेब एकदा तरी वाचावा.

आमच्या वर्कशॉपला आट्यांचं स्वतंत्र काम मिळालं ते याच काउली गाडीच्या इंजिनापायी. काउलीला आधी अमेरिकेचं कॉन्टिनेंटल इंजिन होतं. युद्धानंतर त्याची नक्कल कॉव्हेंट्रीत हॉचकिसनं केली. हॉचकिस ही फ्रेंच शस्त्रांची कंपनी, तिची यंत्रं मेट्रिक. तिनं आटे मेट्रिक पाडले, पण इंग्रज मेकॅनिककडे व्हिटवर्थ या इंग्रजी इंची मापाचे पाने, म्हणून बोल्टची डोकी व्हिटवर्थ मापाची ठेवली. १९२३ मध्ये मॉरिसनं तो कारखानाच विकत घेतला आणि ही रीत मॉरिसच्या इंजिनांत आणि एमजी गाड्यांत १९५० च्या दशकापर्यंत टिकली.

एमजीच्या इंजिनातला बोल्ट ८ मिमी, पिच (दोन आट्यांमधलं अंतर) १ मिमी, पाना पाव इंच व्हिटवर्थचा. पाना बसला की मेकॅनिकला वाटतं बोल्ट ५/१६ इंची बीएसएफ (इंग्रजी बारीक आट्यांचा) आहे. बीएसएफचा पिच इंचात २२ आटे, म्हणजे १.१५ मिमी. तो दोन-तीन फेरे जातो आणि अडकतो, त्यामुळे चूक निदान कळते. बाजारातला साधा ८ मिमी बोल्ट १.२५ पिचचा, तोही लगेच अडतो. खरा घात अँबॅसिडरच्या बी-सिरीज इंजिनाच्या ५/१६ यूएनएफ (अमेरिकी बारीक आट्यांच्या) बोल्टनं होतो. त्याचा पिच १.०६ मिमी, म्हणून तो पुष्कळ फेरे आत जातो, घट्ट लागल्यासारखा वाटतो आणि जाता जाता ब्लॉकमधले आटे खातो. आपल्याकडे अँबॅसिडरचा माल कुठेही मिळे, त्यामुळे हे जागोजागी झालेलं आहे. पिच गेज लावल्याशिवाय बोल्ट हातात घ्यायचा नाही. खराब झालेलं भोक मोठं करून, ब्रॉन्झचं बुश बसवून, त्यात पुन्हा ८ बाय १ चा टॅप मारतो. हे बोल्ट आम्ही स्वतः लेथवर काढतो, डोकं व्हिटवर्थचंच ठेवून.

त्याच कॉव्हेंट्रीच्या कारखान्यात फ्रँक वुलार्डनं १९२३-२४ च्या सुमारास सिलिंडर ब्लॉकसाठी एक अजब यंत्र उभं केलं. लांबी १८१ फूट, ब्लॉक एका टोकानं आत जाई आणि ५३ कामं होऊन दुसऱ्या टोकानं निघे. कल्पना काळाच्या पुढची, पण तेव्हाचं नियंत्रण कच्चं. एक ठाणं अडलं की सगळं थांबे. शेवटी त्याचे सुटे यंत्रभाग करून पुन्हा ओळीत लावले. वुलार्डच्या बाकी व्यवस्थेनं इंजिनं आठवड्याला ३०० वरून १२०० वर नेली. तिकडे फोर्डनं मँचेस्टरजवळ ट्रॅफर्ड पार्कला १९११ मध्ये कारखाना काढून युद्धाच्या तोंडावर फिरता पट्टा आणला होता. काउलीत मात्र १९३० च्या दशकातही चासी रुळांवरून माणसं हातानं ढकलत. यांत्रिक पट्टा १९३४ ला आला.

बॉडीचं काम आमच्याकडे शेवटी आलं. तिचा सांगाडा अ‍ॅश लाकडाचा असतो. अ‍ॅश चिवट, वाफेवर वाकतो, स्क्रू धरून ठेवतो. त्यावर पत्रा वाळूच्या पिशवीवर लाकडी हातोड्यानं ठोकून, मग व्हीलिंग मशीनवर फिरवून गुळगुळीत करीत आणि कडा लाकडावर दुमडून बारीक खिळ्यांनी मारीत. त्या दुमडीत पाणी साचतं. पत्रा बाहेरून ठणठणीत आणि आत दरवाज्याच्या खांबाचा बुंधा कुजलेला, हे नेहमीचंच. आपल्याकडे दुरुस्तीत सागवान घालतात. साग कुजत नाही हे खरं, पण अंगचं तेल असल्यानं सरस नीट धरत नाही. जोडाच्या जागा पुसून लगेच चिकटवाव्या लागतात आणि वाकणाऱ्या तुकड्यांना साग टाळावा लागतो. वेमन पद्धतीच्या बॉडीत दोन लाकडं एकमेकांना टेकवतच नाहीत, मधे पोलादी पट्टी आणि फट असते, वर कापड. करकर होऊ नये म्हणून ही फट. एका गाडीत आधीच्या सुतारानं सगळ्या फटी पाचर मारून भरलेल्या होत्या. ती पहिल्याच खड्ड्यात बोलू लागली.

रंग आधी तैलरंगाचा आणि व्हार्निशचा असे. अस्तर, भेगा भरायची लांबी, प्यूमिस दगडानं घासणी, रंगाचे थर, पुन्हा घासणी, व्हार्निश. प्रत्येक थर वाळायला वेळ, धूळ उडू नये म्हणून जमिनीवर पाणी शिंपडलेलं. एक बॉडी कित्येक आठवडे जागा अडवी. बॉडीचा साठा वाढवायचा तर आधी रंगाच्या खोल्या वाढवाव्या लागत. १९२० च्या दशकाच्या मध्याला सेल्युलोज रंग आणि स्प्रेगन आली आणि आठवड्यांचे दिवस झाले.

१९२६ मध्ये मॉरिसनं अमेरिकेच्या बड कंपनीबरोबर काउलीत प्रेस्ड स्टील ही कंपनी काढली. आता बॉडी डायमधून, म्हणजे साच्यात पत्रा दाबून, निघू लागली. एका डायचा खर्च हजारो बॉडींवर पसरला तरच परवडे, आणि मॉरिसच्या मालकीच्या कंपनीकडून प्रतिस्पर्धी बॉडी घेईनात, म्हणून १९३० मध्ये मॉरिस तिच्यातून बाहेर पडला. त्यानंतरच्या पूर्ण पत्र्याच्या बॉडी आम्ही घेत नाही. खोल दाबलेला मडगार्ड हातानं ठोकून मूळ वळणात आणता येतो, पण पत्रा तिथे ताणून पातळ झालेला असतो आणि वेल्डिंगला फाटतो. अशी गाडी आली तर इंजिन ठेवून घेतो आणि बॉडीसाठी मालकाला दुसरीकडे पाठवतो.